कोपऱ्यावरच्या घरातलं दुकान

"अगं, तो कोपऱ्यावरचा बंदुका विकणार म्हणे. घरातून!"

लेले काकूंचा आवाज कुंपणापलीकडून आला आणि मागोमाग कढीलिंबाची डहाळी धरलेला हात. 2024 च्या बेरिल वादळात आमच्या सामायिक कुंपणाच्या दोन फळ्या उडाल्या. त्या आम्ही दोघींनीही घरच्यांना परत बसवू दिलेल्या नाहीत. ह्यूस्टनच्या उपनगरात शेजारणीशी बोलायला एवढी फट पुरते.

"विकणार नाही काकू, विकतोय. लायसन येऊनसुद्धा झालं."

"तुला गं कसं ठाऊक?"

इथे माझी जरा पंचाईत होती. मी घरबसल्या लोकांचे हिशेब आणि टॅक्सचे कागद करते. हा कोपऱ्यावरचा, म्हणजे रिफायनरीतून निवृत्त झालेला, ताडमाड उंच आणि कुत्र्याशी तान्ह्या बाळासारखं बोलणारा गृहस्थ, टेक्ससचं सेल्स टॅक्स परमिट कसं काढायचं ते विचारायला माझ्याकडेच आला होता. गिऱ्हाइकाच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडू नयेत. पण त्याने एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाच्या, सभेत उभं राहून स्वतःच सगळं सांगून टाकलं, अगदी लायसनच्या फीसकट. मग माझ्या तोंडाला कसली आडकाठी?

"फी किती?" काकू साताऱ्याला बँकेत हेड क्लार्क होत्या. त्यांची चौकशी आकड्यापासूनच सुरू होते.

"दोनशे डॉलर. तीन वर्षांसाठी. पुढे नूतनीकरणाला नव्वद."

"एवढीच? दोनशे डॉलरात इथे दाढ भरून मिळत नाही."

"पूर्वी तर वर्षाला दहा डॉलर होती. 1968 चा कायदा आला तेव्हापासून."

आणि दहा डॉलर म्हटल्यावर कोण सोडणार? स्वतःसाठी घाऊक भावात बंदूक मिळावी म्हणून लोक सर्रास लायसन काढून ठेवायचे. जेवणाच्या टेबलावरच ज्यांचं दुकान, असे ते डीलर. 1992 च्या सुमाराला देशात सगळ्या प्रकारची मिळून पावणेतीन लाखांच्या वर लायसनं होती. मग 1993 साली ब्रेडी कायदा आला, फी दोनशेवर गेली. पुढच्याच वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो सक्तीचे झाले, आणि गावच्या नियमात धंदा बसतो असं लिहून द्यावं लागू लागलं. 2000 साल उजाडेपर्यंत लायसनं लाखाच्या घरात उतरली. बंदुकीवर बंदी कुणी घातली नव्हती. नुसती फी वाढवली आणि चार कागद मागितले, तर निम्म्याहून जास्त दुकानदार गायब! मला विचाराल तर या देशातल्या बंदुकांच्या सगळ्या कडाक्याच्या भांडणांत एवढी मुकाट्याने घडलेली गोष्ट दुसरी नसेल.

"पण घरात कसं चालतं?" काकू म्हणाल्या. "मी पापड विकायचे म्हटले तर सून म्हणते, एचओए पत्र पाठवेल."

"ह्यूस्टन शहराला झोनिंगच नाही ना. अमेरिकेतलं एवढं मोठं शहर, पण इथे घर आणि तिथे दुकान असा कायदा नाही."

"मग ते पत्र कशाचं?"

ते पत्र घराच्या करारातल्या अटींचं. कायदा नाही म्हणून त्याची कसर इथे या अटींनी भरून काढली जाते. गवत किती वाढू द्यायचं इथपासून कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा इथपर्यंत. बंदुकांचं लायसन देणाऱ्या वॉशिंग्टनच्या एटीएफ खात्याचा अर्ज, फॉर्म 7, विचारतो तो राज्याच्या आणि गावच्या कायद्याबद्दल. एचओएशी झालेला करार हा तुमचा खासगी मामला. म्हणून तर कोपऱ्यावरचा आपणहून सभेत आला. पाटी लावणार नाही, रस्त्यावर गाड्यांची रांग लागणार नाही, वेळ ठरवल्याशिवाय कुणी येणार नाही, असं त्याने कबूल केलं. सभेत त्यावर जेमतेम पाच मिनिटं चर्चा झाली. नंतरचा पाऊण तास कुणाच्या तरी जांभळ्या दरवाजावर गेला.

"म्हणजे दोनशे डॉलर भरले की दुकान सुरू?"

"छे हो. माणूस येतो ना तपासायला." फॉर्मची एक प्रत आधी इथल्या शेरिफकडे जाते. मग एटीएफचा तपासनीस घरी येतो. याच्याकडे एक बाई आल्या होत्या, चांगल्या दोन-अडीच तास बसल्या. माल कुठे ठेवणार, वही कुठे ठेवणार, दुकानाच्या वेळा कोणत्या. वेळा लिहून द्याव्या लागतात, कारण त्या वेळेत वर्षातून एकदा खात्याचा माणूस वॉरंटशिवाय तपासणीला येऊ शकतो. "जेवणाच्या खोलीशेजारची अभ्यासिका दिलीय त्याने दुकानाला. बायकोने शिवणयंत्र उचलून गॅरेजमध्ये ठेवलंय. ती बोलत नाहीये त्याच्याशी."

या शेवटच्या बातमीवर काकू फळीला अगदी टेकल्या. पण मला त्यापुढचं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. (सांगितलं असतं.)

"बंदुका दाखवल्या का तुला?"

"मला त्याने वही दाखवली."

आणि खरंच, त्याला कौतुक वहीचंच होतं. कपाटात हत्यारं किती, कोणत्या मेकची, हे त्याने मला सांगितलंही नाही. लांबोळक्या बांधीव रजिस्टरवर मात्र तो हात फिरवत होता. डाव्या पानावर आलेला माल: बनवणारी कंपनी, मॉडेल, नंबर, प्रकार, बोअर, कधी आली, कुणाकडून आली. उजव्या पानावर गेलेला: कधी, कुणाला. आलेल्याची नोंद दुसऱ्या कामाच्या दिवशी बंद व्हायच्या आत, गेलेल्याची सात दिवसांत. चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एक रेघ मारायची, आणि बाजूला सही नि तारीख.

"जमा आणि नावे!" काकू एकदम खुलल्या. "अगं ही तर आमची वही! आणि दिवसाची बेरीज जुळली नाही तर घरी जायचं नाही."

"इथे बेरीज म्हणजे कपाट. डाव्या पानावर आहे, उजव्या पानावर नाही, ती बंदूक कपाटात दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर अठ्ठेचाळीस तासांत एटीएफला आणि पोलिसांना कळवायचं."

मग गिऱ्हाइकाचा फॉर्म, 4473. नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि मग प्रश्नांची सरबत्ती: गुन्हा सिद्ध झालाय का, अमली पदार्थ घेता का, घरच्या माणसाला मारहाण केल्याची शिक्षा झालीय का. 'काउंटी' असा एक रकाना आहे, तिथे घाईत लोक 'यूएसए' लिहून मोकळे होतात. चूक गिऱ्हाइकाची, पण तपासणीत सापडली तर नोंद दुकानदाराच्या नावावर. फॉर्म भरला की एफबीआयकडे विचारणा जाते. ही तपासणी 1998 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं: द्या, थांबा किंवा देऊ नका. 'थांबा' आलं आणि कामाचे तीन दिवस गेले तरी पुढचं काही कळलं नाही, तर कायद्याने बंदूक देता येते. एकवीसच्या आतला असेल तर 2022 पासून ही मुदत दहा दिवसांपर्यंत लांबू शकते. कोपऱ्यावरचा म्हणतो, उत्तर आल्याशिवाय मी देणार नाही, मग तीन दिवस होवोत की तीस. कायदा त्याला तेवढी मोकळीक देतो.

"आमच्या दादाची बाराबोअर होती," काकू म्हणाल्या. "डुकरं ऊस नासायची म्हणून. लायसनसाठी कलेक्टर कचेरीत किती हेलपाटे! आणि निवडणूक लागली की बंदूक चौकीत जमा. एकदा परत आली तर दस्त्याला उधई."

"इथे घेणाऱ्याला लायसनच लागत नाही काकू. विकणाऱ्याला लागतं. आणि त्यानेही धंदा म्हणून विकली तर. टेक्ससमधल्या टेक्ससमध्ये एखाद्याने स्वतःची जुनी बंदूक ओळखीत विकली, तर ना फॉर्म, ना फोन."

"म्हणजे वही लिहिणाराच वेडा!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. कारण कोपऱ्यावरच्याची मिळकत मी कागदावर मांडून पाहिली आहे. नवी बंदूक विकून तो काही मोठा नफा मिळवणार नाही. मोठ्या दुकानांच्या भावापुढे त्याचा टिकाव लागायचा नाही. त्याचा भरवसा आहे तो दुसऱ्यांनी ऑनलाइन घेतलेल्या मालावर. दुसऱ्या राज्यातली बंदूक थेट गिऱ्हाइकाच्या दारात येऊ शकत नाही, ती लायसनवाल्याकडेच उतरावी लागते. तो डाव्या पानावर लिहितो, फॉर्म भरून घेतो, विचारणा करतो, उजव्या पानावर लिहितो आणि पंचवीस-तीस डॉलर घेतो. घराचा विमा या धंद्याच्या मालाला पुरत नाही, तो वेगळा काढायचा. नातवाचे ट्यूशनचे पैसे सुटले तरी पुष्कळ.

"आणि घाबरायचं कशाला, तर खोटं गिऱ्हाईक. एकाच्या नावावर घेऊन दुसऱ्याला द्यायची." फॉर्मवर पहिल्या प्रश्नांतच विचारतात, खरे घेणारे तुम्हीच ना? "व्हर्जिनियातल्या एका माणसाने, पूर्वी पोलिसात होता तो, अंकलसाठी पिस्तूल घेतलं. पोलिसांना सवलत मिळते म्हणून. अंकलनी चारशे डॉलरचा चेक आधीच पाठवला होता, आणि वर पिस्तुलाचं नावही लिहिलं होतं."

"मग? बिघडलं कुठे?"

"अंकललाही स्वतः घ्यायला कायद्याने बंदी नव्हती. तरी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि 2014 साली निकाल लागला: फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणजे लिहिलं. पाच विरुद्ध चार."

"सवलतीपायी!" काकू हळहळल्या. सवलतीच्या मोहावर त्यांचं मन नेहमीच हळवं असतं.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. सभेत जांभळ्या दरवाजाच्या आधी एका तरुण आईने एकच वाक्य म्हटलं होतं: युवाल्डीच्या दुकानाचेही कागद बरोबर होते. आमच्यापासून गाडीने चार-साडेचार तासांवरचं गाव. 24 मे 2022 ला तिथल्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या पोराने अठरा पूर्ण होताच गावातल्या लायसनवाल्या दुकानातून दोन रायफली नेल्या होत्या. त्यातली एक ऑनलाइन मागवून तिथे उतरवून घेतलेली. पिस्तुलाला एकवीसची अट, रायफलीला अठराची. फॉर्म भरला, उत्तर आलं 'द्या'. वहीत ज्याला रकाना नव्हता असं काहीतरी त्या दुकानाच्या काउंटरपुढे उभं होतं. कोपऱ्यावरचा त्या बाईला उत्तर देऊ शकला नाही, आणि खोटं उत्तर त्याने दिलंही नाही. त्या क्षणापुरता तो मला आवडला. त्याचा धंदा मला अजून आवडलेला नाही.

"तिजोरी तरी भक्कम आहे ना त्याची?" काकूंनी विचारलं.

"आहे. पण ती त्याची हौस. पिस्तूल विकताना गिऱ्हाइकाला कुलूप द्यायची सक्ती आहे, 2005 च्या कायद्याने. रात्री दुकान बंद केल्यावर दुकानदाराने स्वतःचा माल कुलूपबंद ठेवावा अशी सक्ती मात्र केंद्राच्या कायद्यात नाही."

"काय सांगतेस!"

"खरंच सांगते."

काकूंनी कढीलिंब विसरून कपाळाला हात लावला. मग काही वेळ आम्ही दोघींनी मिळून अमेरिकेच्या कायदेमंडळाची यथेच्छ हजेरी घेतली. ती इथे लिहिण्यात अर्थ नाही.

"आणि हा म्हातारा उद्या बसला दुकान बंद करून, तर वह्या कुठे जातात? आमच्याकडे रेकॉर्ड रूम होती, उंदरांसकट."

"वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग म्हणून गाव आहे, तिथे. बंद पडलेल्या सगळ्या दुकानांचे कागद तिथे जातात." गुन्ह्यात एखादी बंदूक सापडली की तिथून नंबरावरून माग काढतात: कंपनीला विचारायचं, घाऊकवाल्याला, मग दुकानदाराला. दुकान चालू असेल तर चोवीस तासांत उत्तर द्यावं लागतं. बंद असेल तर मार्टिन्सबर्गची माणसं कागद धुंडाळतात. मालकाचं नाव टाकलं की त्याच्या बंदुका दिसतील, अशी कॉम्प्युटरची यादी करायला कायद्याने बंदी आहे.

"बंदी? कॉम्प्युटरवर शोधायला?"

"लोकांना भीती वाटते. सरकारकडे यादी झाली की सरकार बंदुका काढून घेईल म्हणून."

"दादाची तर दर पाच वर्षांनी काढून घ्यायचे. निवडणूक झाली की परत द्यायचे," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या मते विषय तिथे संपला होता. पण घरातून सुनेचा भाऊ बाहेर आला, एच-वन व्हिसावर नुकताच डॅलसहून इथे बदली झालेला. त्याने आमचं शेवटचं बोलणं ऐकलं असावं. म्हणाला, मलाही नेमबाजी शिकायचीय, मी घेऊ शकतो का?

"फॉर्मवर व्हिसाचाही प्रश्न आहे," मी म्हटलं. "एच-वनवाल्याला एरवी नाही. शिकारीचं लायसन असेल तर त्या अपवादातून मिळू शकते."

"याला शिकारीचं लायसन?" काकू त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या. "पालीला बघून बाथरूममधून पळून येतो हा."

तो मुकाट्याने आत गेला. काकूंनी डहाळी एकदाची माझ्या हातात दिली आणि फळीवर हात टेकून विचारात पडल्या.

"काय गं, त्या वहीवर रोज संध्याकाळी कुणी नजर फिरवतं का? एकटाच लिहिणार नि एकटाच तपासणार, तर चूक सापडायची नाही कधी. आमच्याकडे लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा."

"एकटाच करतो."

"मग विचार त्याला. मला ग्रीन कार्ड आहे, दुपारी मी मोकळीच असते. आणि हे आधीच विचारून घे, तासाला किती देणार ते."