पासाडेनाचा दिवा, निपाणीचे बुवा

निपाणीकडच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग म्हटलं की स्टुडिओवाल्याला माईकची चिंता नसते, बुवांची असते. बुवा पहिल्या दोन ओळी स्वतःशी पुटपुटल्यासारख्या म्हणतात आणि तिसरीला टाळकरी ढिले पडलेत असं वाटलं, की थेट कळसाशी बोलतात. मधली पायरीच नाही. अशा आवाजाला वेसण घालायला कॉम्प्रेसर असतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की दाबायचा, खाली आला की सोडायचा, एवढंच त्याचं काम.

या यंत्रात दोन घराणी नावाजलेली. पहिलं एलए-टू-ए. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात जिम लॉरेन्स यांच्या टेलिट्रॉनिक्स कंपनीनं ते १९६०च्या दशकात काढलं. त्याच्या पोटात टी-फोर नावाची डबी असते. डबीत एक उजळणारी पट्टी, आणि तिच्यासमोर उजेड पडला की विजेचा रोध बदलणारा तुकडा. बुवा ओरडले की पट्टी उजळते, आवाज दबतो. पकडायला सरासरी १० मिलिसेकंद लागतात. सोडताना मात्र घाई नाही. निम्मा दाब ६० मिलिसेकंदांत उतरतो, उरलेला उतरायला कधी अर्धा सेकंद, कधी पाच. मगाशी उजेड किती पडला होता हे तो तुकडा लक्षात ठेवतो. शेजारणींसारखी स्मरणशक्ती.

दुसरं घराणं ११७६ हे बिल पुटनम यांचं, ट्रान्झिस्टरवर चालणारं. हे २० मायक्रोसेकंदांतसुद्धा आवाजाची मानगूट धरतं. त्याची वेगाची बटणं उलटी आहेत, उजवीकडे फिरवली की वेग वाढतो. दाबाची बटणं चार: ४, ८, १२ आणि २०. चारही एकदम दाबली की यंत्र पिसाळतं, आणि हे पिसाळणं लोकांना इतकं आवडलं की आज सॉफ्टवेअरमध्येही ते मुद्दाम दिलेलं असतं. ११७६ची पहिली आवृत्ती जून १९६७ची, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमधला. तो प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ११७६ची निळ्या पट्टीची जुनी आवृत्ती खरी की नंतरची काळी, हा वाद तेवढा कोर्टात जायचा राहिलाय.

खरं यंत्र घ्यायचं तर पैसे लाखांत जातात. त्यामुळे बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीतल्या खोलीएवढ्या स्टुडिओत यंत्राऐवजी यंत्राचं चित्र येतं, लॅपटॉपच्या पडद्यावर. पुटनम यांच्या मुलांनी १९९९ मध्ये पुन्हा उभी केलेली युनिव्हर्सल ऑडिओ ते विकते, वेव्ह्‌ज विकते, आयके मल्टिमीडिया विकते. ॲनालॉग ऑब्सेशनचं 'लाला' फुकट मिळतं. चित्रं अशी हुबेहूब की फळीवरचे स्क्रूसुद्धा रंगवलेले. वेव्ह्‌जनं तर जुन्या यंत्राची घरघरही भरून दिलीय: ६० हर्ट्‌झ, ५० हर्ट्‌झ किंवा बंद. म्हणजे अमेरिकेच्या विजेची हवी की आपल्या, ते ग्राहकानं ठरवायचं! आपल्या विजेची घरघर वायरिंगमधून आपसूक येते आणि ती घालवण्यात निम्मी संध्याकाळ जाते. तीच विकत घ्यायची, हा मामला प्रस्तुत लेखकाला अजून पचलेला नाही.

आता तुलना. एलए-टू-एची नक्कल करणारी चार सॉफ्टवेअर, एकच अभंग. पहिल्या फेरीत सगळ्यात महागडं जिंकलं; त्याचं नाव पडद्यावर दिसत होतं. दुसऱ्या फेरीत नावं झाकली, तर जे अर्धा डेसिबल मोठं वाजत होतं ते जिंकलं. कानाला थोडा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, त्यामुळे पातळी समान केल्याशिवाय ही तुलना म्हणजे पंचाविना कुस्ती. शिवाय दाबाचं बटण ४० वर ठेवलं म्हणजे चारही सारखाच दाब देतील असंही नाही. आत येणारा सिग्नल किती मोठा धरायचा, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. बटणाचा आकडा बघायचा नाही, दाब दाखवणारी सुई बघायची.

सुया जुळवल्यावर उरला शेवटचा उपाय. एकाचा ध्रुव उलटा करून दोन्ही एकत्र वाजवायचे. हुबेहूब असतील तर शांतता. शांतता झाली नाही. लांबच्या गल्लीतून यावं तसं बारीक भजन ऐकू आलं, त्यात बुवा जवळजवळ नाहीत आणि टाळ मात्र खणखणीत. याचं कारणही साधं आहे. टी-फोरची प्रत्येक डबी वेगळी आणि वयाप्रमाणे बदलणारी, आणि प्रत्येक कंपनीनं नक्कल केली ती आपल्या हाती आलेल्या यंत्राची. मूळ यंत्रंच एकमेकांशी जुळत नाहीत, तर नकलांनी का जुळावं?

हलगीवर मात्र दोन घराण्यांतला निकाल पटकन लागला. एलए-टू-ए जागं होईतो टिपरू पडून गेलेलं असतं. तिथं ११७६च हवं, आणि तेही सगळ्यात संथ ठेवून. पूर्ण वेगात ठेवलं तर हलगी पुठ्ठ्यासारखी वाजते.

बुवांनी अभंगाचे चारही प्रकार डोळे मिटून ऐकले. "चारीबी झ्याक वाजायलंय की. पण मी वरडलेलं कुठं गेलं ओ? पांडुरंगाला ऐकू कसं जाणार?"

स्टुडिओवाल्यानं काही न बोलता दाब ४० वरून १५ वर आणला. सुई जेमतेम हलायला लागली आणि चौघांमधला फरक जवळजवळ मिटला. मग पखवाजवाल्या मामांनी यातलं फुकटचं कुठलं ते विचारलं, आणि तेच ठेवलं.