तिसऱ्या घंटेनंतरचे रसिकराज

पुण्यात बालगंधर्वला जा, दादरला शिवाजी मंदिरला जा नाहीतर ठाण्यात गडकरीला. तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, पडदा हलतो आणि नेमके तेव्हाच हे गृहस्थ आपल्या रांगेच्या तोंडाशी उभे राहतात. खुर्ची अर्थातच मधली. कडेच्या खुर्चीचा माणूस कधी उशिरा येतच नाही. डोअरकीपरच्या टॉर्चच्या उजेडात ‘एफ बारा, एफ तेरा’ असा जप करत ते सगळ्यांच्या पावलांवरून पुढे सरकतात. मागून वहिनी, वहिनींची पर्स आणि एक कापडी पिशवी. या पिशवीवर लक्ष असू द्या.

बूड टेकताच पहिला प्रश्न: ‘फार झालं का हो?’ आपण दबक्या आवाजात ‘आत्ताच सुरू झालंय’ म्हणायचं. मग तेच ते वहिनींना खणखणीत आवाजात सांगणार.

यांना नाटकातलं कळत नाही असं मुळीच समजू नका. खरी पंचाईत तीच आहे. यांनी डॉ. लागूंचा ‘नटसम्राट’ पाहिलाय, घाणेकरांचा लाल्या पाहिलाय. त्यामुळे समोर फार्स चालू असला तरी ‘लागूंनी इथे काय पॉज घेतला असता!’ हे आपल्या कानाशी येतंच. त्यात चालू नाटक दुसऱ्यांदा पाहत असतील तर विचारूच नका. ‘आता बघ हं, तो कपाटातून निघतो.’ तो निघतो. सगळं थिएटर हसतं; आमची रांग तेवढी दुसऱ्याच्या ताटातलं जेवल्यासारखी बसून राहते.

आता पिशवी. ‘खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत’ ही पाटी यांच्या मते इतरांसाठी असते. यांच्याकडे फक्त वेफर्स आहेत. पाकीट टर्रकन फाडलं तर एकदाच आवाज होऊन विषय संपेल. पण गृहस्थ सभ्य. लोकांना त्रास नको म्हणून ते पाकिटाचा कोपरा चिमटीत धरून हळूहळू सोडवतात. कुर्र. थांबतात. पुन्हा कुर्र. रंगमंचावर आई मुलाला घराबाहेर काढते, मुलगा उंबरठ्यावर थबकतो, सारं नाट्यगृह श्वास रोखतं, आणि पाकीट सुटतं. मग एकेक वेफर, तोही दाताखाली न चावता जिभेवर विरघळवण्याचा प्रयत्न. वेफर विरघळत नाही.

मोबाइल बंद ठेवण्याची सूचना नाटकाआधी होते, म्हणजे यांच्या कानावर ती आजवर पडलेलीच नाही. फोन वाजतो तो वहिनींच्या पर्सच्या तळाशी, सुखकर्ता दुखहर्ताच्या चालीवर. बरं, कापून टाकावा तर तेही नाही. ‘नाटकात आहे रे, नाटकात! नंतर करतो.’ 2019 साली नाशिकच्या कालिदास कलामंदिरात याच कारणावरून सुमीत राघवन यांनी चालू प्रयोग थांबवला होता. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी वैतागून एका पोस्टमध्ये नाटकात काम न करण्याची भाषा केली. ती पोस्ट रसिकराजांनी ‘अगदी मनातलं बोललात’ असं लिहून फॅमिली ग्रुपवर पाठवली होती.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत ते दिसत नाहीत, कारण ते काउंटरवर आपल्या खांद्यावरून हात घालून ‘दोन प्लेट!’ म्हणत असतात. दुसरा अंक सुरू झाल्यावर पावलांवरून पुन्हा तोच प्रवास, या खेपेला चटणीसकट.

प्रयोग संपला की स्वारी रंगपटात. मेकअप उतरवणाऱ्या नटाला ‘मूळ संचाची सर नाही, पण तुम्हीही बरं केलंत’ अशी शाबासकी देतात. नट बिचारा हात जोडतो. जोडणारच; ऐन पावसात रविवारी दुपारी तिकीट काढून येणारा प्रेक्षक हाच. असल्या माणसावर धड चिडताही येत नाही.

तेव्हा रसिकराज, घरून पंधरा मिनिटं आधी निघा एवढीच विनंती. आणि वेफर्स आणायचेच असतील तर डब्यात आणा, झाकण घरीच सैल करून.