महबुबी कपाट, उस्मानी खर्च

हैदराबादच्या पुरानी हवेलीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे जे वस्त्रागार आजही पाहावयास मिळते, ते 176 फूट लांब आणि दुमजली असून, वरच्या मजल्यावरील अंगरख्यांपर्यंत पोहोचण्याकरिता हाताने फिरवावयाची एक लाकडी लिफ्टही तेथे बसविलेली आहे. आणि ज्या राजपुरुषाविषयी, एकदा अंगावर चढविलेला पोशाख तो पुन्हा कधी अंगाला लावीत नसे अशी आख्यायिका आहे, त्याला एवढीशी जागा पुरली कशी, याचेच मला नवल वाटते. त्यांचे चिरंजीव मीर उस्मान अली खान यांची ख्याती नेमकी याच्या उलट. 22 फेब्रुवारी 1937 च्या अंकात ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापून ज्यांना जगातील सर्वांत धनाढ्य पुरुष ठरविले, ते महाशय एक विटलेली शेरवानी आणि तेलकट रुमी टोपी यांवर वर्षेच्या वर्षे भागवीत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. पित्याने जो 184 कॅरटांचा जेकब हिरा पादत्राणाच्या चवड्यात दडपून ठेवला होता, तो पुत्राने हुडकून काढला आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवून दिला. अलंकाराला अंगावर मिरवावयाचे सोडून त्याच्याकडून कारकुनी करवून घेण्याचे याहून उज्ज्वल उदाहरण इतिहासात मला आढळलेले नाही.

पुढे संस्थान विलीन झाले, निजामाचा हाली सिक्का चलनातून गेला, शेरवान्या लग्नमंडपापुरत्या उरल्या. परंतु वस्त्रव्यवहारातील हे दोन संप्रदाय मात्र या शहरात अबाधित राहिले. नल्लकुंट्यात, फीवर हॉस्पिटल आणि शंकर मठ यांच्या आसपास, जेथे पूर्वीची बैठी घरे जाऊन त्यांच्या जागी सदनिकांचे मजले चढले आहेत, तेथे राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांतही हे दोन्ही पक्ष एकाच छपराखाली नांदतात. सरकारी हिशेब-तपासणीच्या खात्यात आयुष्य काढल्यामुळे मी उस्मानी पक्षाचा. महाविद्यालयात जाणारी माझी नात निःसंशय महबुबी पक्षाची. आणि आमच्या सौभाग्यवती, ज्यांना विषयवार मत देण्याची मुभा त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली आहे, त्या माझ्या कपड्यांच्या बाबतीत उस्मानी आणि साड्यांच्या बाबतीत महबुबी. या पक्षांत पूर्वी सणावारी चकमकी होत आणि मग शांतता नांदे. ऑनलाइन खरेदीने मात्र असा अद्भुत तह घडवून आणला आहे की, त्यायोगे महबूब अलींचे कपाट उस्मान अलींच्या खर्चात भरता येईल अशी प्रत्येकाची समजूत झाली आहे.

ती समजूत तपासण्यापूर्वी जुनी वहिवाट सांगितली पाहिजे. कापडखरेदी म्हणजे सुलतान बाजार, आणि सुलतान बाजार म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. आता नारायणगुड्याला मेट्रोत बसले की पुढचेच स्थानक सुलतान बाजाराचे. 7 फेब्रुवारी 2020 रोजी हा मार्ग सुरू झाल्यापासून रजेचे ते निमित्तही हातचे गेले. तेथे मॅचिंग सेंटर नावाची जी दुकाने आहेत, त्यांत ब्लाउजपिसांच्या आणि फॉलच्या एकाच निळ्या रंगाच्या इतक्या छटा मांडलेल्या असतात की, आकाश पाहून आलेल्या माणसाला आपण काहीच पाहिले नाही असे वाटावे. सौभाग्यवती प्रत्येक पीस दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उन्हात धरीत, साडीचा काठ त्याला लावून पाहत, आणि मग आत येऊन निकाल देत, “नक्को भई, एक घर फिका है, दुसरा बतावो.” दुकानदार मारवाडी, नोकर तेलुगू, गिऱ्हाईक मराठी आणि भाषा दखनी, अशा त्या न्यायालयात अपील वरच्या फळीवर जाई आणि बहुधा मंजूर होऊन खाली येई. शिवणारा मास्टर अंगावरून फीत फिरवून मापे आपल्या वहीत नोंदवी, आणि दिवाळीला दिलेला कपडा संक्रांतीला देई. काही राहिलेच तर 1 जानेवारीपासून नामपल्लीला नुमाईश भरे. 1938 साली बाग-ए-आममध्ये सुरू झालेले ते प्रदर्शन 46 दिवस चालते, आणि शेवटच्या आठवड्यात भाव उतरतात हे ज्ञान आमच्या घरात पिढीजात आहे.

या साऱ्या वहिवाटीत एक मोठा गुण होता, तो म्हणजे खरेदीचा त्रास. त्रासामुळे खर्चाला आपोआप आळा बसे. हा आळा काढून टाकणे यालाच आता सोय म्हणतात. गंमत अशी की, या नव्या व्यवहाराच्या जन्मपत्रिकेत आमच्या तेलंगणाचे स्थान फार वरचे आहे. फ्लिपकार्टने 2007 साली विकलेले पहिले पुस्तक महबूबनगरच्या ग्राहकाने मागविले होते, आणि ज्या नारायणपेठच्या सुती साड्यांचे नाव मराठी स्त्रियांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे ते गावही त्या वेळी याच महबूबनगर जिल्ह्यात मोडत असे. 2010 मध्ये माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सवलत निघाली, आणि ज्यांनी आजवर अनोळखी माणसाला पोस्टकार्डसुद्धा लिहिले नव्हते ती माणसे अनोळखी दुकानाकडून परकर मागवू लागली.

या बाजारातील किमतींची पद्धत मात्र मला जुन्या हैदराबादचीच आठवण करून देते. निजामी अमलात वस्तूची किंमत ऐकताच ‘हाली की कलदार?’ असे विचारावे लागे, कारण सात हाली रुपये बरोबर सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा हिशेब होता. आताही प्रत्येक कुर्तीवर दोन किमती असतात. 1,999 ही खोडलेली आणि 399 ही खरी. फरक इतकाच की, हाली रुपया कमी किमतीचा असला तरी बाजारात तो चालत असे, आणि ही खोडलेली किंमत आजवर कोणत्याही जिवंत माणसाने दिल्याचे मी ऐकलेले नाही. 999 या आकड्याला तर सरकारचाही आशीर्वाद होता. 1,000 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 12 टक्के कर असल्याने एक रुपयाच्या अंतरात बरेच काही सामावलेले असे. 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांची मर्यादा 2,500 रुपयांवर गेली आणि त्यापुढे 18 टक्के झाले; तेव्हा आता 999 ला 2,499 च्या पदावर बढती मिळणार, आणि तिचा पगार आमच्याच खिशातून जाणार, असा माझा कयास आहे.

मुख्य प्रश्न 399 च्या कुर्तीचा. ती मोरपंखी रंगाची म्हणून मागविली गेली आणि आली तेव्हा रंगही मोरपंखीच होता, हे मी कंपनीच्या बाजूने प्रथमच नमूद करतो. पण मोरपंखीशी जुळणारी लेगिंग घरात नव्हती, ती 249 ला आली. लेगिंग आल्यावर ओढणीवाचून पोशाख अपुरा दिसू लागला, ती 299 ला. ओढणीच्या काठात सोनेरी तार असल्याने चांदीसारखी दिसणारी कर्णभूषणे रद्दबातल होऊन सोनेरी झुमके 149 ला. आणि एवढा सरंजाम झाल्यावर पायांत जुन्या चपला घालणे हा सर्वांचाच अपमान ठरून नव्या 599 ला. बेरीज 1,695 रुपये. हिशेब-तपासणीच्या माझ्या सबंध कारकीर्दीत इतका शुद्ध जमाखर्च माझ्यासमोर आला नव्हता. प्रत्येक बाबीला पावती होती, प्रत्येक खर्चाला कारण होते, आणि एकंदर खर्चाला मात्र मंजुरी कुणाचीच नव्हती. “आजोबा, कुर्ती फक्त 399 ला मिळाली,” असे नात म्हणाली आणि त्यात अक्षरशः काहीही खोटे नव्हते.

दुसरा प्रश्न मापाचा. मास्टरच्या वहीत प्रत्येक माणसाचे शरीर इंचांत लिहिलेले असे. येथे ते अक्षरांत लिहावे लागते. एका कंपनीच्या लेखी माझी नात ‘एम’ आहे, दुसरीच्या लेखी ‘एक्सएल’, आणि दोन्ही पुडकी एकाच दिवशी आल्यास तिच्या प्रकृतीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोठे स्थित्यंतर झाले असा तर्क केल्यावाचून गत्यंतर राहत नाही. याला खरे कारण आहे. परदेशी देहांवर बेतलेले मापांचे तक्ते आपल्याकडे थोड्याफार फरकाने उचलले गेले, आणि भारतीय देहाची भारतीय मोजणी व्हावी म्हणून निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ नावाची मोहीम हाती घेतली, जिच्यात 15 ते 65 वर्षे वयाच्या 25,000 लोकांची मापे यंत्राने घेण्याचे ठरले. निवडलेल्या सहा शहरांत हैदराबादही आहे. बिर्याणी आणि मिर्चीका सालन यांवर पोसलेली आमची कंबर अखेर राष्ट्रीय कागदपत्रांत दाखल होणार, याचा मला नागरिक म्हणून अभिमान वाटतो.

माल परत करण्याच्या प्रकरणाने तर माझे निवृत्त जीवन पुन्हा कचेरीमय केले आहे. कारणांची एक छापील यादी असते. तिच्यातील कोणतेही कारण खरे नसते, पण त्यांपैकी एक पत्करल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही. मग छायाचित्रांचा पुरावा, मग तारीख, मग पुडके नेणाऱ्या मुलाचा फोन. “लोकेशन पंपंडी, सार,” तो म्हणतो. मी फीवर हॉस्पिटलची खूण सांगतो. तो हॉस्पिटलच्या दाराशी जाऊन उभा राहतो, आणि तेथून मला काय झाले आहे याची चौकशी करतो. शेवटी दारात येऊन “ओटीपी चेप्पंडी” म्हणतो, आणि तो अंक दिल्यावर पुडके घेऊन जातो. एकदा एका कंपनीकडे रीतसर तक्रार गुदरण्याचा प्रसंग आला. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे असे आहे. पोच 48 तासांच्या आत आली, तिच्यात माझी तक्रार त्यांना अत्यंत महत्त्वाची वाटते असे लिहिले होते, आणि त्यानंतर तिकडे पूर्ण शांतता पसरली. जुन्या कचेरीची पोच देण्याची तत्परता आणि उत्तर देण्यातील संयम या दोन्ही परंपरा नव्या पिढीने इतक्या निष्ठेने चालविल्या आहेत हे पाहून माझा ऊर भरून आला.

तथापि या सगळ्यातून महबुबी पक्षाने स्वतःच एक शहाणपणाचा मार्ग काढला आहे, हे मला विरोधी पक्षाचा सभासद या नात्याने मान्य केले पाहिजे. नातीने काळी, पांढरी आणि मातकट अशा तीन रंगांच्या विजारी कायम केल्या आणि त्यांच्याशी न जुळणाऱ्या कुर्तीला दाराबाहेर ठेवण्याचा कायदा केला. आजीच्या जुन्या नारायणपेठी साडीतून, जिचा काठ अजून नव्यासारखा आणि पोत मात्र नव्यापेक्षा मऊ आहे, मास्टरने दोन कुर्ती काढल्या. साडेपाच मीटरांच्या साडीत त्या बसतात, आणि साडीने हूं की चूं केले नाही. बांगड्यांकरिता लाड बाजार मोकळाच आहे. तेथल्या लाखेच्या बांगड्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण चार गोष्टी बोलल्यावर भाव अजूनही उतरतो. ओढणी पोचमपल्लीची हवी असेल तर सौभाग्यवतींची परीक्षा चालते. अस्सल इकतमध्ये सूत आधी बांधून रंगवितात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना सारखी उमटते. छापील नकलेची पाठ फिकट पडते. म्हणून ऑनलाइन पानावर उलट बाजूचे चित्र नसेल तर ती ओढणी मागवू नये असा त्यांचा हुकूम आहे. “अहो, माणूस असो की ओढणी,” त्या म्हणतात, “पाठ दाखवायला लाजते त्याच्याशी व्यवहार करू नये.” हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटले, याचा खुलासा मी मागितलेला नाही.

वाचकांना माझी शिफारस एवढीच आहे. नव्या कपड्याचा अर्ज समोर आला की त्याच्याकडे दोन जामीनदार मागावेत. घरात आधीपासून असलेल्या आणि वापरात असलेल्या दोन जिनसा त्याची हमी घेण्यास तयार असतील तरच पैसे भरावेत, नाहीतर अर्ज नामंजूर करावा. अंगाला नीट बसणारा आपला एखादा जुना सदरा सपाट पसरून मोजावा, आणि त्याचे इंच पानावरच्या इंचांशी ताडून पाहावेत. अक्षरांवर भरवसा ठेवू नये. परतीची मुदत आधी वाचावी आणि रंगाचे कौतुक नंतर करावे. या कामी लागणारी शिंप्याची मोजपट्टी मात्र सुलतान बाजारातच जाऊन घ्यावी. ती ऑनलाइनही मिळते, पण तिच्या किमतीहून तिच्या घरपोच आणण्याचा आकार अधिक पडतो.