बदकाच्या माराची नोंद

बदक चावलं तर डब्ल्यू ६१.६१. चावलं नाही, नुसतंच अंगावर येऊन आपटलं, तर डब्ल्यू ६१.६२. दोन्ही नाही, पण प्रकरणात बदक होतं एवढं नक्की, तर डब्ल्यू ६१.६९. अमेरिकेतल्या आयसीडी-१० सूचीत हे आकडे छापलेले आहेत आणि कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमध्ये रात्रपाळी करणाऱ्या आमच्या भाचीला ते तोंडपाठ आहेत. ती क्लिनिकल कोडर. सातासमुद्रापलीकडचे केसपेपर वाचते, दुखण्याला आकडा लावते, मग तिकडचं बिल हलतं.

पण बदक एवढ्यावर सोडत नाही. आकड्याचं सातवं घर रिकामं ठेवलेलं चालत नाही. मार ताजा असून उपचार चालू असतील तर ए, बरं होता होता पुन्हा दाखवायला आला तर डी, आणि जखम भरूनही मागे काही उरलं तर एस. सहाव्या घरात लिहायला काही नसतं, तिथे एक्स. म्हणजे बदकाचा मार खाल्लेला, त्या मारातून सावरणारा आणि त्याची कसर जन्मभर अंगात वागवणारा, अशा तीन अवस्था शास्त्राला मान्य आहेत. कोंबडी टोचते, तिला डब्ल्यू ६१.३३. टर्कीही टोचते, तिला डब्ल्यू ६१.४३. बदकाला मात्र टोचायची परवानगी नाही, त्यानं चावायचंच. चोच तिघांनाही आहे, पण यावर कुठल्या तरी समितीत दुपारचं जेवण थंड होईस्तोवर वाद झाला असणार आणि शेवटी बदकाची बाजू पडली असणार. बरं, या आकड्यावर पैसे मिळतात म्हणावं तर तेही नाही. पैसे जखमेच्या आकड्यावर. बदक आपलं माहितीसाठी.

भाचीच्या शेजारच्या खुर्चीवर नदिया जिल्ह्यातला एक मुलगा बसतो. दारात पुकुर, म्हणजे तळं, पुकुरात बदकं, असा वाढलेला. लहानपणी एक बदक पोटरीला चावलं होतं, तो व्रण अजून आहे. नियमानं तो एस. त्याची नोंद जगात कुठेही नाही, हे सांगून तो स्वतःच हसतो.

त्याचे बाबा मात्र कोलकात्यातल्या एका मोठ्या इस्पितळात वारले. वर्षानुवर्षांचा मधुमेह, त्यात मूत्रपिंडं निकामी, त्यावर जंतुसंसर्ग. कागदावर मृत्यूचं कारण काय? 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. हृदय थांबलं, श्वास थांबला. अहो, हृदय आणि श्वास चालू ठेवून मेलेला एक इसम मला आणून दाखवा, मी त्याचा जाहीर सत्कार करतो! हे कारण नव्हे, ही मेल्याची खूण आहे. मृत्यूच्या कारणाच्या छापील नमुन्यावरच सूचना असते की मरण्याची रीत लिहू नका, ज्या आजारानं माणूस गेला तो लिहा. कशामुळे काय झालं ते उतरंडीनं लिहायला अ, ब, क अशा ओळीही आखून दिल्यात. डॉक्टरसाहेब पहिल्या ओळीत दोन शब्द खरडतात, उरलेल्या ओळी कोऱ्या, खाली झोकदार सही. ज्या मुलानं रात्रभर परक्या देशातल्या बदकांना सात-सात घरांचे आकडे वाटले, त्याच्या बापाच्या वीस वर्षांच्या दुखण्याला या देशात एक धड ओळ मिळाली नाही. आणि हा कागद तरी मिळाला म्हणायचा. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले फक्त २२.५ टक्के होते. बाकीचे नुसतेच गेले. याच आकड्यांवरून मग मधुमेहाला किती निधी आणि क्षयाला किती, हे ठरवायला आपण बसतो. काय ठरवणार, कपाळ?

कोडर पदरचं लिहू शकत नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. डॉक्टरनं लिहिलं तेवढंच धरायचं. शंका आली तर तिकडच्या डॉक्टरला लेखी 'क्वेरी' जाते आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे ती क्वेरी तुम्हालाच करावी लागेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत इस्पितळानं जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. ती मागून घ्या, तिथेच उभं राहून वाचा, आणि नुसतंच हृदय थांबलेलं दिसलं तर सही करणाऱ्याला विचारा, कशानं?