नानांच्या पडद्यावर आलेला निरोप

अहो वहिनी, कपडे वाळत घालायचे राहू द्या जरा, इकडे भिंतीपाशी या. काल नानांकडे भरिताला आला नाहीत ना? मोठी मजा हुकली बघा तुमची. वांगी थेट बामणोदची, पऱ्हाटीवर भाजलेली, सोबत गरम पुऱ्या. पण आज कॉलनीभर चर्चा आहे ती टीव्हीची.

त्यांच्या बैठकीतलं ते धूड ठाऊक आहे ना? थोरल्याने मुंबईहून पाठवलेला प्रोजेक्शन टीव्ही. आत लाल, हिरवी, निळी अशा तीन नळ्या. त्यांचं चित्र आरशावर आणि आरशावरून पडद्याच्या पाठीवर. आता मागून चित्र पाडणारे टीव्हीच कुणी बनवत नाही. शेवटपर्यंत मित्सुबिशी टिकून होती, तिनेही 2012च्या डिसेंबरात हात टेकले. पण नाना कसले टाकतात! मुलीच्या लग्नाची ‘कॅसेट’ कॉम्प्युटरमध्ये आहे, ती ह्याच पडद्यावर बघायची म्हणून हटून बसले.

जावई दुपारीच गोलाणी मार्केटातून वायर घेऊन आले. एका टोकाला कॉम्प्युटरचा तो निळा, पंधरा पिनांचा व्हीजीए. दुसऱ्या टोकाला टीव्हीचा एचडीएमआय. जोडली, तर पडदा काळाठिक्कर! अहो, एकाची भाषा ॲनालॉग, दुसऱ्याची डिजिटल. नुसत्या तारेनं कसं जमेल? मधे कनव्हर्टरची डबी लागते. पुन्हा मार्केट, पुन्हा रिक्षाभाडं. डबी लावली, चित्र आलं, पण पाठवणीला सगळे मुक्याने रडतायत! व्हीजीएतून आवाज जातच नाही ना. त्यासाठी वेगळी वायर ओढली.

पुढे नवीनच. बॅन्डवाल्यांच्या टोप्या वरून कापलेल्या, खालची स्टार्टची पट्टी गायब. चित्राच्या ओबडधोबड कडा दिसू नयेत म्हणून जुने टीव्ही त्या चौकटीबाहेरच ढकलायचे, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. काही टीव्हींत ‘जस्ट स्कॅन’ असतं, ह्यात ते सापडेना. मग जावयांनी कॉम्प्युटरच्या सेटिंगमधूनच चित्र आक्रसून घेतलं.

अक्षरांना लाल-निळी किनार दिसत होती, तेव्हा मात्र नाना स्वतः रिमोट घेऊन खाली बसले. पडद्यावर अधिकचं चिन्ह येतं. लाल रेघ, निळी रेघ बटणानं सरकवत हिरवीवर नेऊन बसवायची. तिन्ही जुळल्या की चिन्ह पांढरं होतं. पुऱ्या गार झाल्या, पण माणूस उठला नाही. अक्षरं अशी लख्ख झाली म्हणता!

आणि तिथेच घात झाला. कॉम्प्युटर सुनेचा, व्हॉट्सॲप उघडंच. पाठवणी अगदी रंगात आली आणि कोपऱ्यात तिच्या बहिणीचा निरोप झळकला: ‘म्हातारीचं भरीत-पुराण संपलं का? सुटलीस की नाही?’ माय वो! ही एवढाली अक्षरं. नानींचा मोतीबिंदू गेल्याच महिन्यात काढलाय, त्यांनीच आधी वाचलं. सून पांढरीफटक. नानी म्हणतात कशा, “भरीत उरलंय म्हणावं, तिलाही डबा देते.”

खरं सांगू, चूक सुनेची नाहीच. विंडोजचं बटण दाबून पी दाबलं की विचारतं, दोन्हीकडे तेच दाखवू की पडदा वाढवू? जावयांनी डुप्लिकेट ठेवलं. एक्सटेंड करून फक्त शूटिंग टीव्हीवर सरकवली असती, तर निरोप छोट्या स्क्रीनवरच राहिला असता.

आमची धुळ्याची नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. तिकडे न्यूयॉर्कला नोकरी करणाऱ्या धुळ्याच्याच हर्षल विभांडिकांनी गावोगावी लोकवर्गणी उभी करून, स्वतःचीही भर घालून, हजारावर शाळांत प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर पोचवले. ती सांगते, पोरांसमोर पडदा लावायच्या आधी व्हॉट्सॲप बंद, मग बाकीचं.

तुमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुंजीची शूटिंग लावणार म्हणत होतात ना? लावा, पण नवी वायर आणू नका. आधी टीव्हीच्या मागची भोकं बघा, नानांची डबी मागून घ्या, आणि तुमच्या सुनेला आत्ताच सांगून ठेवा.