ओला चमचा

आमच्याकडे आलेल्या माणसाला आधी पाणी मिळतं, मग वायफायचा पासवर्ड आणि मग चहा. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या पाठीमागे, आईच्या ठसठशीत अक्षरात. वर ‘१२ ला दूध नाही’, खाली ‘सिलिंडर आला’, मध्ये तो. दर जानेवारीत आई तो नव्या कॅलेंडरवर उतरवून घेते आणि जुनं कॅलेंडर रद्दीत जातं. सहा वर्षं हे असंच चाललंय. पासवर्ड बदलायचा विषय मी एकदा काढला होता, तेव्हा आई म्हणाली, “आणि मग वरच्या काकूंना परत सांगायला जिने कोण चढणार?”

मी एका कंपनीत पगाराचं काम बघतो. चारशे माणसांचे पगार, त्यांचे खाते क्रमांक, कोणी उचल घेतलीय, कोणाचा पतपेढीचा हप्ता कापायचाय, सगळं माझ्या लॅपटॉपमधून जातं. २०२०च्या मार्चमध्ये तो लॅपटॉप ‘पंधरा दिवसांसाठी’ घरी आणला. तो अजून डायनिंग टेबलावर आहे. डावीकडे दाण्याच्या कुटाचा डबा, उजवीकडे आईच्या बीपीच्या गोळ्या.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या सिक्युरिटी विभागाचा मेल आला: घरच्या वायफायवर किती डिव्हाइस आहेत ते कळवा. मी ‘पाच’ असं कळवून टाकलं. लॅपटॉप, तीन मोबाइल, एक टीव्ही. दहा मिनिटांत फोन. मुलगा आवाजावरून पंचविशीतला वाटत होता.

“सर, राउटरचं पान उघडून एकदा बघता का?”

“ते नाव आणि पासवर्ड विचारतंय.”

“नाव अ‍ॅडमिन टाका.”

“आणि पासवर्ड?”

“सर, तोही अ‍ॅडमिनच टाकून बघा.”

उघडलं. पलीकडे जी शांतता पसरली, तशी शांतता मी दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांकडून ऐकली होती.

यादीत सतरा नावं होती. टीव्ही आणि फोन ओळखता आले. दिवाळीच्या सेलमधले रंग बदलणारे चार बल्ब माझ्या मुलाने कबूल केले. बोलका डबा, म्हणजे स्मार्ट स्पीकर, बायकोच्या भावाने भेट दिलेला. दारावरची बेल, गॅलरीतला कॅमेरा (हा कबुतरांवर पाळत ठेवायला आणला होता, कबुतरं हल्ली त्याच्या डोक्यावरच बसतात), वरच्या काकूंचा फोन, वरच्या काकांचा फोन, त्यांच्या नातीचा टॅब. आणि दोन नावं अशी की नुसतं ‘ईएसपी’ आणि पुढे अक्षर-आकड्यांचा काला. फोनवरच्या मुलाला म्हटलं, हे दोघे हॅकर दिसतात.

“नाही सर, ती आतल्या वायफायच्या चिपची नावं असतात. स्वस्तातल्या वस्तूंना वेगळं बारसं कोण करतंय? एकेक वस्तू बंद करा आणि यादीतून कोण जातं ते बघा.”

मग गच्चीवर अँटेना फिरवण्याच्या दिवसांची आठवण व्हावी असा प्रकार झाला. मी घरभर बटणं बंद करत फिरतोय, बायको लॅपटॉपपाशी. “गेला?” “नाही गेला!” “आता?” “आता टीव्ही गेला, आई ओरडतायत!” तासाभराने एक ईएसपी बाथरूममध्ये सापडला, ऑफिसातून येतानाच गीझर लावता यावा म्हणून मी तो प्लग घेतला होता, आणि मग ऑफिसातून येणंच बंद झालं. दुसरा गॅलरीत, होळी उलटून गेली तरी न उतरवलेल्या आकाशकंदिलात.

“पण या बल्बला माझ्या पगारपत्रकात काय रस?” मी विचारलं.

“बल्बला नाही सर. बल्बमधून येणाऱ्याला.” आणि त्याने कॅसिनोची गोष्ट सांगितली. उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोत माशांची मोठी टाकी होती आणि तिचं तापमान बघणारं यंत्र इंटरनेटला जोडलेलं. चोर त्या यंत्रातून आत शिरले आणि तिथून कॅसिनोच्या नेटवर्कवर फिरले. दहा जीबी माहिती फिनलंडला गेली. डार्कट्रेस या कंपनीने २०१७ मध्ये हे उघड केलं. फोन स्पीकरवर होता. आईने लसूण सोलता सोलता विचारलं, “मासे मेले का?”

मग मिराई. २०१६ सालचा हा प्रोग्रॅम साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन जगभरच्या कॅमेऱ्यांची आणि राउटरची दारं वाजवत फिरला. सगळ्या जोड्या कारखान्यातून निघताना लावलेल्या, कोणी न बदललेल्या. दार उघडलं की ती वस्तू फौजेत भरती. त्या २१ ऑक्टोबरला फौज ‘डाइन’ नावाच्या अमेरिकन कंपनीवर चालून गेली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास आडवे पडले. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन ही जोडी त्या यादीत होती. आमचा कॅमेरा तेव्हा जन्मला नव्हता म्हणून, नाहीतर गेला असता. ज्याला गॅलरीतलं कबुतर हलवता येत नाही त्याने नेटफ्लिक्स पाडलं असतं.

मला खरी धास्ती बसली ती लास्टपासच्या गोष्टीने. लोकांचे पासवर्ड सांभाळणं हाच या कंपनीचा धंदा. तिथल्या अगदी आतल्या किल्ल्या फक्त चार इंजिनिअरांकडे. २०२२ मध्ये चोरांनी त्यांतल्या एकाचा घरचा कॉम्प्युटर गाठला. त्यावर घरचे सिनेमे बघायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातलं भोक बुजवणारं अपडेट कधीचं येऊन पडलेलं, पण याने केलेलं नव्हतं. चोर त्यातून आत बसले, हा काय टाइप करतो ते बघत राहिले आणि त्याचा मुख्य पासवर्ड उचलला. ज्याच्यावर किल्ल्या सोपवल्या तो माणूसही ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत होता, हे ऐकून मला आधी बरं वाटलं. आपल्या टीव्हीवर तीच चौकट गेले कित्येक महिने येतेय हे नंतर आठवलं.

“कंपनीला पण सर, २०२३च्या डेटा कायद्यात अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.” माझ्या पगारातून अडीचशे कोटी किती वर्षांत फिटतील ते मी काढलं. पगाराचंच काम असल्यामुळे उत्तर लगेच आलं.

“आणि सर, एकेकाळी एका परदेशी बनावटीच्या बल्बमध्ये वायफायचा पासवर्ड साध्या अक्षरात साठवलेला सापडला होता. तेव्हा जुने बल्ब टाकताना जपा.” तसला एक बल्ब आम्ही रद्दीवाल्याला दिला होता. पण रद्दीवाल्याकडे सहा वर्षांची कालनिर्णयं असताना त्याने बल्ब फोडायचे कष्ट कशाला घेतले असते?

राहिला बोलका डबा. मुलाने सांगितलं, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये एक जोडपं घरात लाकडी फरशीबद्दल बोलत होतं. अमेझॉनच्या डब्याने ते बोलणं टिपलं आणि नवऱ्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाला परस्पर पाठवून दिलं. आई विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागली. कारण आई पहिल्या दिवसापासून त्या डब्याला मेथी निवडायला येऊन बसलेल्या शेजारणीच्या जागी मानते. मावशीच्या सुनेचा विषय निघाला की ती उठते, डब्याची पिन काढते, खुर्चीत परत येते आणि मग म्हणते, “हां, तर काय झालं...” विषय संपला की पिन पुन्हा आत. आणि त्याच डब्याशेजारी बसून मी दर महिनाअखेर आकडे मोठ्याने वाचून ताडून बघतो. चारशे माणसांचे पगार त्याच्या कानावरून गेलेत. मावशीच्या सुनेबद्दल मात्र त्याला अक्षर माहीत नाही.

“उपाय काय?” मी विचारलं.

“नेटवर्क वेगळं करा सर. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. बल्ब, कॅमेरा, पाहुणे सगळे तिकडे. मुख्य नेटवर्कवर फक्त ऑफिसचा लॅपटॉप. म्हणजे एक बिघडलं तरी...”

“तरी मोठी बरणी शाबूत,” आई म्हणाली.

लोणच्याची मोठी बरणी आमच्याकडे फडताळात दादरा बांधून असते. टेबलावर येते ती छोटी. त्या छोट्या बरणीत कोणी ओला चमचा घातलाच तर बुरशी आठवड्याच्या लोणच्याला, वर्षाच्या नाही. मोठ्या बरणीला आईशिवाय कोणी हात लावायचा नाही. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी बायकोला अजून ती परवानगी नाही. आई हे समजावत होती आणि मुलगा पलीकडून “बरोबर आजी, बरोबर,” करत होता. शेवटी म्हणाला, “आजी, हे मी आमच्या ट्रेनिंगमध्ये वापरू का?”

त्या रात्री मी अ‍ॅडमिन बदलला आणि दोन नेटवर्कं केली, ‘मोठी बरणी’ आणि ‘छोटी बरणी’. कॅलेंडरवरचा जुना पासवर्ड आईने स्वतःच्या हाताने खोडला. छोटीचा नवा तिथेच लिहिला. मोठीचा चिठ्ठीवर लिहून तांदळाच्या डब्यात ठेवला. वरच्या काकूंकडे दोन जिने चढून मीच गेलो.

शनिवारी तो मुलगा नवा लॅपटॉप लावून द्यायला स्वतः घरी आला. आईने पाणी दिलं. मी कागदावर सही करत होतो. आमच्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज नाही. त्याने फोन दोनदा खिडकीकडे धरून बघितला. चहा झाला, पोहे झाले, बिचाऱ्याने जाताना आईला वाकून नमस्कारही केला.

सोमवारी त्याचा मेल आला: सर, मुख्य नेटवर्कच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवा, फाइल बंद करतो. मी पान उघडलं. मोठ्या बरणीत दोन नावं होती. एक लॅपटॉपचं. दुसरं एका फोनचं. तो सध्या जोडलेला नव्हता, पण शनिवारी दुपारी पाऊण तास येऊन गेल्याची नोंद होती, आणि फोनला त्याने स्वतःचंच नाव दिलं होतं, आडनावासकट.

स्क्रीनशॉट पाठवावा की नाही ते अजून ठरत नाहीये. आईला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “असू दे रे. त्याचा चमचा कोरडाच असणार, तो ऑफिसचा आहे.”