पुढच्या काळाची जत्रा

अक्षय्य तृतीया आली की जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला गर्दी लोटते. शेतात घट मांडायचा, भोवती अठरा धान्यं ठेवायची, रात्र जाऊ द्यायची आणि पहाटे कुठला दाणा सरकला ते बघून पाऊस, पीकपाणी आणि देशाची गादीसुद्धा सांगायची. कॅमेरे येतात, बातम्या होतात. शास्त्रीय आधार?

शून्य.

पण तिथे आलेल्या शेतकऱ्याला हसू नका. ज्याचं अख्खं वर्ष पावसावर उभं आहे, त्याला उद्याची भूक असणारच. भूक खरी आहे. ताटात पडतंय ते खोटं आहे.

मग या भुकेला दुसरं ताट कुणी वाढायचं?

जगात अशी एक पंगत दरवर्षी बसते. वर्ल्डकॉन. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं जागतिक संमेलन. पहिलं १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला भरलं, माणसं जेमतेम दोनशे. भरवणाऱ्यांतला म्होरक्या सॅम मॉस्कोविट्झ एकोणीस वर्षांचा. आलेल्यांत आयझॅक असिमोव्ह, तोही एकोणीसचा. रे ब्रॅडबरी अठराचा, लॉस एंजेलिसहून उसन्या पैशांवर आलेला. आपल्या संमेलनांत या वयाची पोरं कुठे असतात?

खुर्च्या लावत.

त्या पहिल्या संमेलनातही भांडण झालंच. विरुद्ध गटाच्या सहा जणांना दारातूनच परत पाठवलं. फ्रेडरिक पोल त्यातलाच एक. पुढे नामवंत लेखक झाला. एक गडी अंगावर भविष्यकाळातला पोशाख चढवून हिंडत होता, मर्टल डग्लस या बाईने शिवलेला. आज जगभर पोरं ज्याला कॉस्प्ले म्हणतात त्याचं मूळ तिथे सापडतं. ज्या मुलखात पोळ्याला बैल इतक्या हौसेने सजतो, तिथे या हौसेला परकं का म्हणायचं?

महायुद्धाची चार वर्षं सोडली तर वर्ल्डकॉन तेव्हापासून चालू आहे. कुणाच्या जिवावर? सरकारच्या नाही, उद्योगपतीच्या नाही. वाचक वर्गणी भरून सभासद होतात आणि सगळं काम बिनपगारी करतात. पुढचं गाव कुठलं, हे सभासदच मतं देऊन ठरवतात. १९५३ पासूनचा ह्यूगो पुरस्कारही त्यांच्याच मतांनी ठरतो. लेखक आणि वाचक एकाच टेबलाशी बसून वाद घालतात.

मंत्र्यांची वाट बघत उद्घाटन लांबवायचा प्रश्नच येत नाही.

सगळं सोवळं आहे असं नाही. २०२३ चं वर्ल्डकॉन चीनमध्ये, चेंगडूला भरलं. नंतर कळलं, काही पात्र पुस्तकं कारण न देता ह्यूगोच्या यादीतून वगळली होती. आर. एफ. क्वांग यांची ‘बॅबेल’ त्यातली एक. मोठी नामुष्की. पण ती उघडी कुणी केली? आकडे तपासत बसलेल्या वाचकांनीच. आयोजकांच्या आपसातल्या ईमेलही बाहेर आल्या. ज्या संमेलनाचा मालक वाचक असतो, तिथे हिशेब मागायला वाचकच पुढे येतो.

आता आपल्याकडे या.

मराठीला विज्ञानकथा नवी नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या हातात दिला. भालबा केळकर, नारायण धारप, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, अरुण साधू. फळीच्या फळी उभी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली, ‘कृष्णविवर’. पहिली आली. हे जगताप कोण?

जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतलेली. केंब्रिजहून आलेला, जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ मराठी स्पर्धेत नाव लपवून उतरतो. का? तर कथा नावावर नको, गुणावर निवडली जावी म्हणून. हा किस्सा आठवला की माझी मान आजही ताठ होते.

दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून या नव्या कथांची दखल घेतली. नारळीकर स्वतः अध्यक्ष कधी झाले? २०२१ मध्ये, नाशिकला, ९४ व्या संमेलनात.

एवढा उशीर विज्ञानकथेत सुद्धा पटायचा नाही.

विज्ञान परिषदेची वार्षिक अधिवेशनं होतात, व्याख्यानं होतात, दिवाळी अंकांत कथा येतात. पण वाचकाने वर्षभर वाट पाहावी, एसटीचं तिकीट काढून जावं, तीन दिवस भांडावं आणि चार मित्र जोडून परतावं, अशी जत्रा? ती रुजली नाही. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. फार चांगलं झालं. तो मागच्या दोन हजार वर्षांचा मान झाला. पुढच्या पन्नास वर्षांची चर्चा कुठे बसून करायची?

जागा मी सांगतो. लोणार.

बुलढाणा जिल्ह्याच्या नशिबाने आकाशातून एक पाषाण येऊन दख्खनच्या काळ्या दगडात घुसला आणि पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पडला. कधी? जुन्या मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी. नंतरच्या, आर्गॉन वायूच्या मोजणीने पाच लाख सत्तर हजार. दोन उत्तरं, दोन्ही शास्त्राचीच. शास्त्राला याची लाज वाटत नाही, ते पुन्हा मोजतं. घटातला दाणा कधी पुन्हा मोजलाय कुणी?

आघाताचे असे खड्डे जगात पुष्कळ. पण बेसाल्टमध्ये पडून इतका शाबूत राहिलेला विरळाच. चंद्र-मंगळावरची विवरं समजून घ्यायची तर शास्त्रज्ञ लोणारचे दगड तपासतात. म्हणजे परग्रहाची तालीम मेहकरच्या शेजारच्या तालुक्यात चालते. जिल्ह्यातल्या किती पोरांना हे कुणी सांगितलंय?

याच विवराला लोकांनी आधी कथा दिली. लवणासुर तिथे दडून बसला होता आणि विष्णूने त्याला मारलं, अशी. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याची साक्ष देत उभं आहे. खड्डा दिसला, कारण ठाऊक नव्हतं, माणसाने गोष्ट रचली. मग जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं आणि पुन्हा तेच, नाना तर्क सुरू. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. उत्तर आलं : खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव.

असुरापासून सूक्ष्मजीवापर्यंतचा हा रस्ता एकाच तळ्याकाठी पायी चालता येतो. विज्ञानकथेच्या संमेलनाला याहून चांगला मांडव कुठला?

मात्र मांडव विवरात नको. एकदम नको. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ आहे. तिथे भोंगे, जनरेटर आणि पत्रावळ्या नेणाऱ्याला पहिल्या गाडीने परत पाठवा. सत्रं गावात, शाळा-कॉलेजांच्या वर्गांत. विवरात उतरायचं ते वीस-वीसच्या तुकडीने, भूगर्भशास्त्र जाणणाऱ्याच्या मागे आणि गप्पा बंद ठेवून.

गर्दी झेपेल का, असं मुंबई-पुण्याचे विचारतील. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला या. शेगावला कुठल्याही गुरुवारी या. मग विचारा.

आणि भेंडवळला आमंत्रण द्यायचं. मनापासून. घटमांडणी करणाऱ्यांनी त्यांचे अंदाज आधी लेखी द्यावेत, हवामानशास्त्रज्ञांनी त्यांचे द्यावेत, वर्षाने दोन्ही फळ्यावर लावू. नारळीकरांनी ज्योतिषाचं हेच केलं होतं. पत्रिका दिल्या, मूल हुशार की मतिमंद ते ओळखा म्हणाले. निकाल छापा-काटा केल्याच्या पुढे गेला नाही. तपासून बघा म्हणण्यात अपमान कसला?

भाकीत मुकाट ऐकायचं असतं. विज्ञानकथेशी भांडता येतं. पाणी संपलं तर काय होईल? कापूस नकोसा झाला तर? गावात फक्त म्हातारे उरले तर? एक गोष्ट एक उत्तर देते, दुसरी ते मोडते. चिखलीच्या, मोताळ्याच्या अकरावीतल्या पोरीला हे भांडण करायला मिळालं पाहिजे. व्यासपीठावर, खुर्ची लावायला नाही.

तारीखही काढून ठेवली आहे. १९ जुलै, नारळीकरांचा जन्मदिवस. लगेच २० जुलै. १९६९ मध्ये याच दिवशी ‘ईगल’ यान चंद्रावर उतरलं, आपल्या घड्याळात २१ तारीख लागली होती. तीन दिवस आयते मिळतात. पेरण्याही एव्हाना उरकलेल्या असतात.

ऐन पावसाळ्यात कोण येणार?

शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते तीही पावसाळ्यातच.